लाइट गेली तरी रिलीज अर्धवट राहू नये

मृगाचा पाऊस लागला की कोकणात लाइट जाणं ठरलेलंच. माडाची झावळी तारांवर पडते, फीडर बंद होतो. घरातला इन्व्हर्टर तग धरून असतो, पण नाक्यावरच्या पेटीतलं इंटरनेटचं यंत्र बंद पडलेलं असतं. रत्नागिरीत किंवा कुडाळला बसून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटापुढे मग प्रश्न उभा राहतो: नवी आवृत्ती (रिलीज) सर्व्हरवर चढत असतानाच जोडणी तुटली तर?

हाताने डिप्लॉयमेंट, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याचं काम, करत असाल तर अवस्था वाईट होते. नेहमीची रीत अशी: लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या साधनाने) सर्व्हरवर जायचं, चालू फोल्डरमध्येच गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) कोड ओढायचा, लायब्ररी (कोडला लागणारे तयार संच) बसवायच्या, डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) चालवायचं, सेवा पुन्हा सुरू करायची. जोडणी गेल्याचं सर्व्हरच्या लक्षात आलं की त्या सत्रातल्या प्रक्रियेला 'हँगअप'चा संकेत मिळतो आणि ती बहुधा तिथंच मरते. कोड नवा, लायब्ररी जुन्या, आणि आंब्याची पेटी मागवणारं गिऱ्हाईक नेमकं तेच फोल्डर वापरतंय.

यातला पहिला उपाय म्हणजे काम लॅपटॉपवर चालवायचंच नाही. जेनकिन्स किंवा गिटलॅबसारखं, ही कामं आपोआप करणारं साधन डेटा सेंटरमधल्या यंत्रावर बसवायचं. रत्नागिरीहून फक्त कोड आणि टॅग (आवृत्तीवर लावलेली नावाची खूण) पाठवायचा. बांधणी, चाचण्या आणि सर्व्हरवर चढवणं तिकडेच होतं. टॅग पोचल्यावर इकडे लाइट गेली तरी फरक पडत नाही.

दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा, कारण डेटा सेंटरमधलं यंत्रही अधेमधे बंद पडू शकतं. कॅपिस्ट्रानो हे डिप्लॉयमेंटचं साधन सर्व्हरवर 'रिलीजेस', 'शेअर्ड' आणि 'करंट' अशी मांडणी करतं. प्रत्येक आवृत्तीला 'रिलीजेस'मध्ये नवं फोल्डर मिळतं आणि त्याचं नाव म्हणजे तारीख-वेळ, उदाहरणार्थ २०२५०६१२०९३०००. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, त्यामुळे आपल्याकडे दुपारी ३ वाजता केलेली रिलीज ०९३० दिसते. नवखे इथं हमखास गोंधळतात. 'करंट' हे फोल्डर नसून सिमलिंक, म्हणजे एखाद्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण (दुवा) आहे. सगळी तयारी नव्या फोल्डरमध्ये पूर्ण झाल्यावरच ते बोट फिरतं. त्याआधी काहीही तुटलं तरी गिऱ्हाइकासमोर जुनी आवृत्ती अखंड चालू राहते.

हे बोट फिरवण्यातही एक मेख आहे. लिनक्सवर जुना दुवा जबरदस्तीने बदलणारी आज्ञा तो आधी काढून मग नवा बनवत असेल, तर मधल्या क्षणी दुवाच नसतो. म्हणून नवा दुवा वेगळ्या नावाने बनवतात आणि त्याचं नाव बदलून जुन्यावर ठेवतात. नाव बदलणं ही एकसंध क्रिया आहे: झाली तर पूर्ण, नाहीतर नाहीच.

गिऱ्हाइकांनी चढवलेले फोटो, लॉग (नोंदींच्या फाइली) आणि पासवर्डची फाइल 'शेअर्ड'मध्येच, म्हणजे सगळ्या रिलीजना सामाईक फोल्डरमध्ये हवी. फोटो रिलीजच्या फोल्डरमध्ये राहिले तर पुढच्या रिलीजला ते दिसेनासे होतात. आणि साधन सहसा शेवटच्या ५ रिलीज ठेवून बाकीच्या पुसतं, त्या साफसफाईत ते कायमचे जातात. पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो: दुवा फिरला तरी जुनाच कोड चालत राहतो, कारण पीएचपीचा तयार कोड साठवून ठेवणाऱ्या ओपीकॅशेला 'करंट'मधून जाणारा तोच मार्ग दिसतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या रचनेत दुव्यामागचा खरा मार्ग द्या आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा.

सर्व्हर अनेक असतील तर प्रत्येकावर तीच आवृत्ती पोचल्याची खात्री साधनानेच करायला हवी. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढला, आठवा राहिला. त्यावरचा जुना, निरुपयोगी कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. कॅपिस्ट्रानो प्रत्येक रिलीजमध्ये 'रिव्हिजन' नावाच्या फाइलीत कमिटचा, म्हणजे गिटमधल्या त्या नोंदीचा क्रमांक लिहितं. सगळ्या सर्व्हरवरचा तो क्रमांक जुळवून बघणं हे शेवटच्या पायरीत घालाच.

रोलबॅक म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाणं: दुवा मागच्या फोल्डरकडे वळवायचा, काही सेकंदांचं काम. डेटाबेस मात्र असा मागे येत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलची रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा लगेच पक्की होते, म्हणून तीन बदलांचं मायग्रेशन दुसऱ्यानंतर तुटलं तर दोन बदल तसेच राहतात. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बहुतेक बदल एकाच व्यवहारात गुंफता येतात, तुटले तर सगळे मागे जातात. दोन्हीकडे सुरक्षित वाट एकच. पत्त्याचे 'गाव' आणि 'पिनकोड' असे दोन रकाने करायचे असतील, तर आधी नवे रकाने रिकामे जोडा. मग जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रकान्यांत लिहिणारा कोड चढवा, जुन्या नोंदी भरा. जुना रकाना काढायचं काम वेगळ्या रिलीजमध्ये, हापूसचा हंगाम सरल्यावर करा.

पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात करतात, तेव्हाच याचीही परीक्षा घ्या. चाचणीच्या सर्व्हरवर रिलीज चालू असताना आधी राउटरची वायर काढा, दुसऱ्या खेपेला रिलीज चालवणारं यंत्रच बंद करा. मग 'करंट' कुणाकडे बोट दाखवतंय ते पाहा. दोघांनी एकाच वेळी रिलीज करू नये म्हणून साधन कुलपाची फाइल ठेवत असेल, तर ती तशीच अडकून राहिली आहे का तेही तपासा. ते कुलूप कुणी, किती वाजता लावलं हे फाइलीतच लिहिलेलं असावं, म्हणजे काढायचं की नाही हे फोन न लागताही ठरवता येतं.