चहा-कॉफी : एकाग्रता आणि ताणावरील परिणाम

चहा आणि कॉफी या दोन्हींची तरतरी मुख्यतः कॅफीन या एकाच द्रव्यातून येते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे याने १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. चहातून १८२७ मध्ये मिळालेल्या द्रव्याला आधी ‘थेईन’ असे स्वतंत्र नाव मिळाले. दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे १८३८ मध्ये कळले. तरीही चहाने डोके शांत होते आणि कॉफीने छाती धडधडते, असे सांगणारे घरोघरी भेटतात. त्या अनुभवात तथ्य आहे, पण ते बरेचसे मात्रेचे आहे. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते, तर कपभर कॉफीत ८० ते १००.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसीन नावाचे रसायन साचत जाते. ते पेशींवरच्या ग्राहींना, म्हणजे असे निरोप टिपणाऱ्या जागांना, चिकटले की झापड येते. कॅफीनचा रेणू घडणीने त्याच्याशी मिळताजुळता असल्याने तो या ग्राहींवर आधीच ठाण मांडतो, मात्र झोपेचा निरोप पुढे देत नाही. साचलेले ॲडेनोसीन जागच्या जागीच राहते. म्हणजे कॅफीनने थकवा जात नाही, तो नुसता झाकला जातो, आणि असर उतरला की एकदम अंगावर येतो. नागपुरात स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकेत रात्र काढणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, असे मनापासून वाटते. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. गर्भारपणात त्याहून बरेच जास्त. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफीन दोन वाजताही अंगात असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तेव्हाही झोप तासाभराहून अधिक घटली. वाचलेले पक्के होते ते झोपेत, आणि नेमकी तीच कमी पडते.

ताणाच्या बाबतीत कॅफीनचा परिणाम माणसागणिक बदलतो. त्याने ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब थोडा चढतो. रोज पिणाऱ्यांना याची बरीच सवय होऊन जाते. मुळात चिंताग्रस्त स्वभाव असेल तर मात्र मुलाखतीच्या सकाळी रिकाम्या पोटी घेतलेली दुसरी कॉफी हाताला कंप आणू शकते, आणि माणसाला वाटते की आपणच घाबरलो.

चहात आणखी एक द्रव्य असते, ते कॉफीत नसते : थिॲनिन. जपानमध्ये १९४९ मध्ये ग्योकुरो या हिरव्या चहातून हे अमिनो आम्ल प्रथम मिळाले. त्याने मेंदूतल्या अल्फा लहरी वाढतात. निवांत पण जागे असताना याच लहरी दिसतात. कॅफीनसोबत दिल्यावर लक्ष विचलित होणे कमी झाल्याचे काही प्रयोगांत आढळले. पण तिथे थिॲनिनची मात्रा बहुधा १०० ते २०० मिलिग्रॅम होती, आणि कपभर चहात ते २०-२५ मिलिग्रॅमच्या आसपासच मिळते. नागपुरातल्या सीताबर्डीच्या ठेल्यावर बारीक दाणेदार पत्ती आले-साखरेसोबत खळखळ उकळते, मग दूध पडते, उतू जाता जाता भांडे दोनदा वर उचलले जाते आणि चहा काचेच्या लहान ग्लासात गाळला जातो. एवढ्या उकळीत कॅफीन भरपूर उतरते. त्या ग्लासाने मिळणाऱ्या शांततेचे सगळे श्रेय थिॲनिनला देता येणार नाही. काम थांबवून चार माणसांत उभे राहिल्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानतात.

रोजची सवय अचानक मोडली की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला की अनेक घरांत चहाच्या फेऱ्या घटून ताक-पन्हे सुरू होते, आणि तेव्हाची डोकेदुखी सरसकट ‘ऊन लागलं’ म्हणून खपते. चहा एकदम न तोडता रोज थोडाथोडा कमी केला तर ती बहुधा टळते. सोबत ताप, उलटी किंवा ग्लानी असेल तर मात्र ते ऊनच समजून लगेच दवाखाना गाठावा.