तात्यांचा केवढासा फोटो

शेजारचे तात्या रत्नागिरीहून प्रोस्टेटचा एमआरआय काढून आले ते तणतणतच. "पैसे पुरे मोजून घेतले नि फोटो बघ केवढासा! बाकीचं पोट गेलं कुठं?" फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. इतर चित्रांत ओटीपोट पुरतं होतं, डिफ्युजनच्या रांगेत मात्र नुसती मधली अरुंद पट्टी. फसवणूक नव्हे हो, उलट त्या पट्टीसाठी जास्त खटपट करावी लागते.

डिफ्युजन एमआरआय पाण्याच्या रेणूंची चुळबुळ टिपतो. मेंदूसारख्या ऊतीत रेणू 50 मिलिसेकंदांत साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकतो. गाठीत पेशी दाटीवाटीने असल्या की त्याला तेवढंही सरकता येत नाही, म्हणून ती जागा वेगळी उठून दिसते. पण एवढी बारीक हालचाल मोजताना माणूस हलला की सगळं मुसळ केरात. म्हणून शरीराच्या एका कापाचं, म्हणजे पातळ चकतीचं, चित्र एका दमात, सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात उरकतात. ही युक्ती ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांची. त्यांना 2003 चं नोबेल मिळालं.

घाईची किंमत मोजावी लागतेच. यंत्र मोजणीच्या ओळी (चित्रातल्या नव्हेत) एकामागून एक वाचतं आणि दोन ओळींमध्ये फिरत्या प्रोटॉनचा, म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजनच्या गाभ्याचा, ठेका किती सरकला, यावरून त्याची उभ्या दिशेतली जागा ठरवतं. आता गुदाशयात वायू असला की शेजारचं चुंबकीय क्षेत्र थोडं बिघडतं. तिथले प्रोटॉन वेगळ्या गतीने फिरतात आणि यंत्र त्यांना भलत्याच जागी नेऊन बसवतं. चूक किती? गतीतला फरक गुणिले दोन ओळींमधला वेळ गुणिले दृश्यक्षेत्र, म्हणजे चित्राच्या चौकटीत येणाऱ्या भागाची लांबी (फील्ड ऑफ व्ह्यू). समजा फरक 50 हर्ट्झ, वेळ 0.7 मिलिसेकंद आणि क्षेत्र 240 मिलिमीटर, तर चूक 8.4 मिलिमीटर. क्षेत्र 100 केलं की 3.5. तीन-चार सेंटिमीटरच्या प्रोस्टेट ग्रंथीत हा फरक म्हणजे गाठ या बाजूला की त्या बाजूला, एवढा.

मग सरळ क्षेत्र लहान करावं! तर ते इतकं सोपं नाही. क्षेत्र लहान म्हणजे मोजणीच्या ओळी विरळ, आणि विरळ मोजणी फसवते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा. पण एखादा पाहुणा रोज फक्त सकाळी सहाला पुळणीवर आला, तर अष्टमीला भरती, पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी, पुढल्या अष्टमीला पुन्हा भरती, एवढंच त्याला दिसेल. तो छातीठोकपणे सांगेल, इथे भरती पंधरवड्यातून एकदा येते. भरती येते साधारण साडेबारा तासांनी, पण त्याच्या मोजणीत ती दुसरंच सोंग घेऊन येते. इथेही तसंच. चौकटीबाहेरची पोटाची कातडी नि ढुंगणाची चरबी प्रोस्टेटवरच येऊन बसते.

उपाय असा, की रेडिओलहरीला असा आकार द्यायचा की फक्त पट्टीतलेच प्रोटॉन जागे होतील. बाकीचे गप्प, मग सोंग घेणार कोण? पण ही लहर लांबते, ओळीही कमी, त्यामुळे चित्र खरखरीत होतं आणि तेच माप पुनःपुन्हा घ्यावं लागतं. बारकाईच्या हव्यासापायी, चित्रातला एक ठिपका शरीराच्या ज्या इवल्या ठोकळ्यातून येतो त्याच्या लांबी-रुंदीच्या दोन्ही बाजू निम्म्या केल्या की संकेत पाव होतो. तो भरून काढायला 16 पट वेळा मोजा! 'झूम केलं की स्पष्ट दिसतं' हे मोबाइलचं शहाणपण इथे चालत नाही.

जाता जाता, चुंबकाने गुडघेदुखी पळते म्हणत चुंबकाच्या गाद्या विकणाऱ्यांना एक निरोप. तात्या दीड टेस्लाच्या चुंबकात अर्धा तास पडून आले, गुडघे होते तसेच दुखतायत.

हे सगळं सांगून झालं. तात्यांनी फिल्म गुंडाळली, जरा घोटाळले आणि हळूच विचारते झाले, "म्हणजे तो वायू... आदल्या रात्री कुळथाचं पिठलं झालं होतं रे."