बक्षीसपत्र आणि कलम २३

मुलाच्या किंवा नातलगाच्या नावावर करून दिलेले घर, जमीन परत मिळवण्याची वाट ज्येष्ठांना खुली करणारी तरतूद म्हणजे कलम २३. ती आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये आहे. वयाची ६० वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला तिचा आधार घेता येतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार एकदा स्वीकारलेले बक्षीस केवळ देणाऱ्याचे मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक झाली म्हणावे, तर ती दिवाणी न्यायालयात सिद्ध करत बसायचे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तेवढा वेळ कुठून असणार? कलम २३ ने हे ओझे उलटवले. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाले असे कायदाच मानतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे करायचा. कायदा लागू होण्याआधीच्या व्यवहारांना मात्र हे कलम लागत नाही.

खरी अडचण ‘अटीवर’ या एका शब्दात आहे. महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा), म्हणून हा मार्ग लोकप्रिय. दस्तात ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ हे ठरलेले वाक्य येते आणि खाली आईचा अंगठा. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना ‘नाही सांभाळलंस तर घर परत घेईन, असंही लिहा’ म्हणणारी आई विरळाच. पुढे प्रकरण उभे राहते तेव्हा नेमके तेच वाक्य शोधले जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट दाखवलीच पाहिजे, असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात मात्र बक्षीसपत्रासोबत सांभाळ करण्याचे मुलाचे वचनपत्रही होते. हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि ताबाही परत देण्याचा आदेश दिला. दुसऱ्या टोकाला सून असते. तिला घरातून काढण्यासाठी सासू-सासऱ्यांनी याच कायद्याखाली केलेल्या अर्जाआड तिचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा निवाऱ्याचा हक्क बुडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केले.

याच कायद्याखालच्या पोटगीची महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा काढणारे, जावई-सुनेलाही जबाबदार धरणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले. ते मंजूर झाले नाही. दस्तात लिहिली नसली तरी सांभाळाची अट गृहीत धरावी, ही सुधारणा खरे तर अधिक निकडीची. तूर्त जाणकार वकील दस्तात दोन कलमे घालून घेतात: सांभाळाची स्पष्ट अट, आणि देणाऱ्याला त्याच घरात हयातभर राहण्याचा हक्क.