भुईमुगाची दुसरी पिढी

गुलटेकडीच्या भुसार बाजारात शेंगदाणा मागा, व्यापारी आधी विचारतो, ‘जाडा, स्पॅनिश की घुंगरू?’ चतुर्थी-एकादशीला पुण्यात घरोघरी कूट होतं, पण भुईमुगाच्या सुधारणेत क्ष-किरणांचा हात आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले आणि त्यातून होणारे बदल पुढच्या पिढ्यांत उतरतात, हे दाखवलं. लगेच पुढच्या वर्षी लुईस स्टॅडलर यांनी बार्लीवरचे असेच निष्कर्ष मांडले. शेतीला याचा मोठा उपयोग होईल, असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. शंका रास्त होती. किरणांमुळे डीएनए कुठे तुटेल, हे आपल्या हातात नसतं. बहुतेक बदल नुकसानीचेच: रोप खुरटतं, पांढरंफटक उगवतं, कणसात दाणाच भरत नाही.

खरं काम किरणांनंतर सुरू होतं. बी पेरलं की पहिल्या पिढीत बरेच बदल झाकलेलेच राहतात, कारण जनुकाच्या जोडीतली एक प्रत अजून शाबूत असते. स्वपरागणातून आलेलं बी पुन्हा पेरलं, की काही रोपांत दोन्ही प्रती बदललेल्या येतात आणि तेव्हा कुठे फरक डोळ्यांना दिसतो. हजारो झाडांच्या ओळींतून फिरत त्यातलं एखादंच वेगळं झाड हेरायचं आणि मग त्याची संतती वर्षानुवर्षं तपासायची. या चिकाटीचं श्रेय किरणांना देणं मला अन्यायाचं वाटतं.

ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडले गेले. त्यातून टपोऱ्या दाण्याचं टीजी-१ हे वाण मिळालं आणि १९७३ मध्ये ते ‘विक्रम’ या नावाने प्रसारित झालं. अशा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकं बदललेल्या, वाणांच्या पुढच्या संकरांतून टीएजी-२४ आलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने झालेलं हे वाण १९९१ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. झाड उभट, बुटकं. पाल्याचा पसारा कमी, त्यामुळे झाडाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा आऱ्यांवाटे, म्हणजे फुलाजवळून जमिनीत शिरणाऱ्या देठांवाटे, जमिनीतल्या शेंगांत जातो.

‘मग हे दाणे किरणोत्सारी नाहीत ना?’ नाहीत. क्ष-किरण असोत की कोबाल्ट-६० चे गॅमा किरण, ते बियांतून आरपार जातात, मागे किरणोत्सार उरत नाही. उरतो तो जनुकातला बदल, आणि तसे बदल निसर्गातही आपोआप होतच असतात, फक्त फार क्वचित.