भारी दीर्घिकेचा कस आणि धातूंचा घोळ

विदर्भात जमीन भारी की बरड हे शेंबड्या पोरालाही कळतं. भारी काळीत कस टिकतो. उतारावरच्या बरडातला कस पहिल्याच दणक्याच्या पावसात धुऱ्यापलीकडे जातो. दीर्घिकांचंही, म्हणजे तारे आणि वायू यांच्या अफाट समूहांचंही, बरंचसं असंच आहे. वस्तुमान जितकं जास्त, तितका त्यांच्यातला वायू जड मूलद्रव्यांनी समृद्ध. हा संबंध १९७९ मध्ये हातावर मोजण्याइतक्या अनियमित आणि निळ्या, आटोपशीर दीर्घिकांवरून पहिल्यांदा मांडला गेला.

त्याआधीचं थोडक्यात. जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात शिजतात, याची सविस्तर मांडणी १९५७ ची. काही निळ्या बटु दीर्घिकांत ऑक्सिजन फारच कमी आहे, हे १९७२ मध्ये दिसलं. लहान दीर्घिकेचं गुरुत्व तोकडं पडतं आणि फुटणाऱ्या ताऱ्यांच्या रेट्याने समृद्ध वायू बाहेर उडून जातो, ही कल्पना १९७४ पासून आहे. पुढे बराच काळ वस्तुमान मोजणं अवघड म्हणून त्याच्या जागी तेजस्विता वापरली गेली.

खरा घोळ शब्दात आहे. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून जे काही आहे ते सगळं ‘धातू’. आठवीच्या वर्गात मी हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ऑक्सिजन धातू कसा? धातू म्हणजे आमच्या घरचा पितळी गुंड.” प्रश्न रास्त होता. आवर्तसारणी शिकवणाऱ्याच तोंडून हे ऐकायचं म्हणजे पोरांनी काय समजावं? आणि या विषयात तर ‘धातुता’ म्हणून प्रत्यक्षात मोजला जातो तो बहुतेक वेळा वायूतला ऑक्सिजनच, म्हणजे हायड्रोजनच्या दर १०,००० अणूंमागे ऑक्सिजनचे अणू किती. मराठीत ‘धातुता’ वाचताना तिथे ऑक्सिजन ठेवून वाचावं, असं मी आग्रहाने सांगेन. जाताजाता, ज्या सूर्याशी तुलना करायची त्याचाही आकडा घसरला आहे. १९८९ च्या कोष्टकात तो साडेआठच्या आसपास होता, २००९ च्या कोष्टकात सुमारे पाच. त्यामुळे ‘सूर्याच्या इतके पट’ असं जुन्या लेखात दिसलं, तर लेखाचं वर्ष आधी बघावं.

आता मोजणी. वायूचं तापमान कळलं की वर्णपटातल्या रेषांवरून ऑक्सिजन सरळ काढता येतो. तापमान सांगते ती ४३६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची एक बारीक रेषा. अडचण अशी, की ऑक्सिजन स्वतःच वायूला थंड करतो. ऑक्सिजन वाढला की वायू गार पडतो, रेषा मंदावते आणि शेवटी दिसेनाशी होते. म्हणजे भारी, कसदार दीर्घिकेतच हा काटा चालत नाही. मग ठळक रेषांच्या गुणोत्तरावरून अंदाज बांधायचा. त्यातल्या सर्वांत जुन्या गुणोत्तराची उत्तरं दोन येतात. ऑक्सिजन वाढतो तशा रेषा आधी उजळतात आणि नंतर वायू थंडावल्याने पुन्हा फिक्या होतात. एकच फिकेपणा गरीब दीर्घिकेचा असू शकतो आणि श्रीमंत दीर्घिकेचाही. आलेखाच्या चढत्या फांदीवर बसायचं की उतरत्या, ते दुसऱ्या रेषांवरून ठरवावं लागतं.

२००८ मध्ये त्याच त्या दीर्घिकांना दहा पद्धती लावून पाहिल्या. उत्तरांत पाच पटींपर्यंत तफावत निघाली. आपल्याकडे माती परीक्षण करून घेणाऱ्याला यात नवल वाटू नये. स्फुरद काढायला आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीला एक द्रावण लागतं, कोकणातल्या आम्लधर्मी मातीला दुसरं, आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडून कोणी खताचा डोस ठरवत नाही. दीर्घिकांच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं तेच होत होतं. एकाच पद्धतीने मोजलेल्यांत कोण कसदार, हा क्रम बहुतांशी टिकतो. नुसता आकडा, पद्धतीविना, काही कामाचा नाही.

हे लक्षात ठेवून २००४ च्या कामाकडे बघावं. न्यू मेक्सिकोतल्या २.५ मीटरच्या दुर्बिणीने घेतलेल्या सुमारे ५३,००० दीर्घिकांच्या वर्णपटांवरून, ताऱ्यांचं वस्तुमान थेट घेऊन, संबंध रेखीव उभा राहिला. तो चढत जातो आणि सुमारे ३,००० कोटी सूर्यांच्या पुढे सपाट होतो. या संबंधाभोवतीची विखुरणी अवघी पंचवीस टक्क्यांच्या आसपास. पण दुर्बिणीतला प्रकाश टिपणारा काचेचा तंतू दीर्घिकेच्या मधल्या भागावरच बसत होता आणि मध्यभाग सहसा कडेपेक्षा कसदार असतो.

कारण काय, यावर एकमत नाही. एक बाजू वाहून जाण्याचा पक्ष घेते, वर सांगितलेल्या बरडासारखा. दुसरी म्हणते, लहान दीर्घिका वायूचे तारे सावकाश बनवतात, त्यांच्याकडे वायू भरपूर शिल्लक असतो, म्हणून कस पातळ. मला दोन्ही लागू वाटतात, पण वाहून जाण्याचं वजन जास्त. २०१० मध्ये तिसरा घटक पुढे आला. सारख्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांत जिथे तारे जोमाने जन्मतात तिथे ऑक्सिजन कमी. बाहेरून कोरा हायड्रोजन येतो, तो तारेही वाढवतो आणि धातू विरळही करतो. २०१३ मध्ये जवळच्या दीर्घिकांचे तुकड्यातुकड्याने वर्णपट घेणाऱ्या पाहणीला हा परिणाम सापडला नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

दूरवर, म्हणजे प्रकाश पोचायला वेळ लागत असल्याने भूतकाळात पाहिलं, तर त्याच वस्तुमानाला ऑक्सिजन कमी भरतो. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत तो आजच्या जवळपास निम्मा आहे. २०२२ च्या जुलैत तेव्हा नव्या असलेल्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या पहिल्याच निरीक्षणांत विश्व साधारण ६०-७० कोटी वर्षांचं असतानाच्या दीर्घिका आल्या आणि त्यांच्यात ४३६३ ची ती बारीक रेषा थेट दिसली. तिथला वायू गरम, धातू थोडे, म्हणून तापमानाचा काटा चालला. वस्तुमान आणि ताऱ्यांच्या जन्माचा वेग धरून २०१० मध्ये मांडलेल्या सूत्राच्या अंदाजापेक्षाही इतक्या जुन्या काही दीर्घिका गरीब भरल्या. भारी टोकाच्या दीर्घिका मात्र अजूनही बहुतेक ठळक रेषांच्या अंदाजावरच मोजल्या जातात. नोव्हेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी डोक्यावर येणारी देवयानी दीर्घिका त्याच भारी टोकातली.