मापनशिक्षण, टॅबलेटवरील खेळांतून

साधारण 3 ते 8 वर्षे वयाच्या मुलांना लांबी, उंची, धारकता, वजन यांची पहिली जाण स्पर्शपडद्यावरील खेळांच्या मदतीने करून देण्याची पद्धत. 2010 मध्ये ॲपल कंपनीचा आयपॅड बाजारात आल्यानंतर ती झपाट्याने पसरली. चार वर्षांच्या मुलाला संगणकाचा माउस सांभाळणे अवघड जाई; बोटाने चित्र ओढून दुसरीकडे नेणे मात्र त्याला न शिकवता जमते. त्यामुळे गणिताचे खेळ बालवाडीच्या वयापर्यंत पोहोचले. यांतील बहुतेक खेळ आकडे ओळखणे आणि मोजणे यांभोवतीच फिरतात. मापनाला वाहिलेले खेळ कमी आहेत. अमेरिकेतील पीबीएस किड्स या सार्वजनिक दूरचित्रवाणी सेवेचे ‘मेझर अप’ हे ॲप त्यांपैकी एक. 3 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या या ॲपमध्ये लांबी, रुंदी, उंची, धारकता आणि वजन यांवरचे खेळ आहेत.

मोठ्यांना मापन म्हणजे पट्टी लावून आकडा वाचणे वाटते. मुलाला त्याआधी बरेच काही उमगावे लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी बेर्बेल इनहेल्डर आणि अलिना शेमिन्स्का यांच्यासह 1948 मध्ये मुलांच्या भूमितीविषयक कल्पनांवरचे संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे टप्पे अभ्यासकांच्या नजरेत आले. सारख्या लांबीच्या दोन काड्या शेजारी ठेवल्या की मूल त्या सारख्या आहेत असे सांगते. एक काडी थोडी पुढे सरकवली की तीच लांब झाली असे म्हणते. बसक्या भांड्यातले पाणी उभट भांड्यात ओतले की त्याला ते वाढल्यासारखे वाटते. जागा, आकार किंवा भांडे बदलले तरी राशी तेवढीच राहते ही जाण अनेक मुलांना सहा-सात वर्षांच्या सुमारास येते. ती पक्की नसताना पट्टी हातात दिली, तर मूल आकडा वाचायला शिकते. त्या आकड्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

यानंतरची पायरी एककाची, आणि सगळे मापन तिच्यावर उभे आहे. एकच एकक पुन्हा पुन्हा ठेवायचे, मध्ये फट पडू द्यायची नाही, एकावर एक चढू द्यायचे नाही, आणि किती वेळा ठेवले ते लक्षात ठेवायचे. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या हे विटी-दांडू खेळताना शिकल्या. खळगीपासून विटी पडली तिथपर्यंतचे अंतर वकट, लेंड, मुंड, नाल असे म्हणत दांडूने मोजायचे, आणि दांडू जरा पुढे सरकवून ठेवला की प्रतिपक्षाने भांडायला उठायचे. त्या भांडणात एककाचा नियम पुरेपूर असतो. गोट्या खेळताना वितीने मोजले की हात मोठा असणाऱ्याचा आकडा लहान येतो. एकक मोठे असेल तर संख्या कमी येते, हा व्यस्त संबंध वर्गात समजावायला कठीण. मैदानावर तो डोळ्यांसमोर घडतो.

टॅबलेटवरचा खेळ चांगला की वाईट हे या कसोटीवर ठरवावे. समजा, पडद्यावर एक सुरवंट आहे आणि तो किती पाने लांब आहे ते मुलाने शोधायचे आहे. पाने आपोआप एकामागोमाग येऊन बसत असतील आणि मुलाने फक्त मोजून आकड्यावर बोट ठेवायचे असेल, तर तो मोजणीचा खेळ झाला. मापनाचे काम यंत्रानेच उरकले. पान कुठे ठेवायचे हे मुलाने ठरवायचे, फट राहिली तर तिच्यातून सुरवंटाचे अंग दिसत राहणार, शेवटी त्या मापाने विणलेला स्वेटर त्याला आखूड पडणार, अशी रचना असेल तर मूल पुन्हा मांडून पाहते. चूक सांगायला घंटा वाजवावी लागत नाही. परिणामच ती सांगतो. अशी रचना करायला मेहनत लागते. टाळ्या आणि चमकत्या चांदण्या घालणे सोपे असते, आणि बाजारातल्या अनेक खेळांत तेवढेच असते.

पट्टी वाचण्याबाबत पडद्याचा खरा फायदा होतो. पेन्सिलीचे टोक 2 वर आणि दुसरे 7 वर असेल, तर पुष्कळ मुले लांबी 7 सांगतात. काही मुले 2 पासून 7 पर्यंतच्या सगळ्या रेघा मोजून 6 म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात चौथीच्या मुलांना शून्यापासून सुरू न होणाऱ्या पट्टीवरची काडी दाखवली, तेव्हा बहुसंख्य मुलांची उत्तरे चुकली. लाकडी पट्टी तोडून वाटणे शाळेला परवडत नाही. पडद्यावर मात्र मोडकी पट्टी, शून्य नसलेली पट्टी, आकडेच नसलेली पट्टी हवी तितक्या वेळा देता येते. दोन रेघांमधला प्रत्येक भाग रंगवून दाखवला, की मोजायच्या त्या रेघा नव्हेत, जागा, हे मुलाला दिसते.

पडद्याच्या मर्यादाही तितक्याच ठोस आहेत. पहिल्या आयपॅडचा 9.7 इंची पडदा जेमतेम 20 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद होता. त्यात मीटर कधीच मावत नाही. पडद्यावर काढलेला ‘1 सेंमी’ खरा 1 सेंमी असेलच असे नाही, तो यंत्रागणिक बदलतो. वजनाची अडचण सर्वांत मोठी. मोठे दिसते ते जड, ही लहान मुलांची पक्की समजूत असते. एका हातात फुगा आणि दुसऱ्या हातात लिंबू घेतल्यावर ती हलते. पडद्यावरच्या तराजूचे पारडे खाली जाते ते मुलाला दिसते, पण हाताला भार लागत नाही. धारकतेचेही तसेच. वाटीने तांब्या भरताना सांडलेले पाणी आणि काठोकाठ भरलेली वाटी उचलताना घ्यावी लागणारी काळजी चित्रात येत नाही. म्हणून वजन आणि धारकता यांचे खेळ प्रत्यक्ष अनुभवानंतर, उजळणी म्हणून द्यावेत. लांबीच्या खेळांना त्यामानाने अधिक जागा द्यायला हरकत नाही.

डग्लस क्लेमेंट्स आणि जूली सरामा यांच्या ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ या अमेरिकी पूर्वप्राथमिक गणित कार्यक्रमात संगणकावरचे खेळ आणि हाताने करायच्या कृती शेजारी ठेवलेल्या आहेत. आधी पावले, काड्या, वीत आणि त्यानंतर बऱ्याच काळाने पट्टी, हा रूढ क्रमही या अभ्यासकांनी तपासून पाहिला. लहान मुलांना पट्टी लवकर हाताळू दिली तर ती तिच्यावर विचार करू लागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मानसशास्त्रज्ञ निकोला पिचफर्ड यांनी आफ्रिकेतील मलावी या देशात केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चिचेवा या स्थानिक भाषेत सूचना देणारे गणिताचे टॅबलेट वापरणाऱ्या प्राथमिक शाळेतील मुलांची प्रगती आठ आठवड्यांत इतर मुलांपेक्षा चांगली झाली. तो अभ्यास केवळ मापनाचा नव्हता. तरी भाषेचा मुद्दा मापनाला विशेष लागू पडतो, कारण वाचता न येणाऱ्या मुलाला सगळे ऐकूनच कळायचे असते. मराठी खेळात ‘कोणता मोठा?’ असे मोघम विचारून चालत नाही, ‘कोणता लांब?’, ‘कोणता जड?’, ‘कशात जास्त मावते?’ असेच विचारावे लागते.

भारतात 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत संख्याज्ञानाचा एक घटक म्हणून मापनाचा समावेश आहे. बालवाड्यांत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत टॅबलेट असलेच तर थोडे असतात आणि ते वाटून घ्यावे लागतात. मापनाच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. दोन मुले एका पडद्यावर खेळली की पान कुठे ठेवायचे यावर बोलणे होते, आणि शिक्षकाला त्यांचा विचार ऐकू येतो. खेळ सुरू करण्याआधी ‘किती पाने लागतील?’ असा अंदाज विचारावा, आणि खेळ झाल्यावर तीच कृती बाकावर आगकाड्यांनी करून घ्यावी. दोनअडीच वर्षांपर्यंतच्या मुलांना पडद्यावर शिकलेले प्रत्यक्षात वापरणे कठीण जाते, त्यामुळे त्या वयात हे खेळ देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. मापनाचा एक खेळ नीट खेळायला त्यातली दहा-पंधरा मिनिटे पुरतात.