नाशिकला नॅशनल पार्क आहे का? थोडी पार्श्वभूमी

थंडीत रविवारी नांदूरमध्यमेश्वरला, चापडगावच्या पक्षी पाहायच्या मनोऱ्याखाली गाड्यांची रांग लागली की कोणीतरी विचारतंच, "हे नॅशनल पार्क कधी झालं हो?" झालेलंच नाही. ताडोबाला तो दर्जा १९५५ लाच मिळाला, पण नाशिक जिल्ह्यात आजपर्यंत एकही राष्ट्रीय उद्यान नाही. आपल्याकडे आहे ते नांदूरमध्यमेश्वरचं अभयारण्य आणि काही छोटी-मोठी संवर्धन राखीव क्षेत्रं. बोलताना आपण सगळ्यांना एकच नाव देतो आणि मग भांडणं सुरू होतात.

पंचवटी, दंडकारण्य वगैरेपासून सुरुवात करायची पद्धत आहे, ते सगळ्यांना पाठ आहे म्हणून सोडतो. इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे, म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला, बंधारा घालायला घेतला, वरती दारणा धरण झालं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पाणी खाली कोपरगावकडे गेलं. हेतू शेतीचा, पक्षी कोणाच्या डोक्यातही नव्हते. पण बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणकणीस, लव्हाळी असं सगळं आपोआप तयार झालं आणि थंडीत थापट्या, तलवार बदक, चमचे, मधूनच रोहित (फ्लेमिंगो) असे पाहुणे पक्षी उतरायला लागले. (वारकरी नावाचा काळा पक्षी इथे शेकड्यांनी दिसतो, त्र्यंबकच्या वारीशी त्याचा काही संबंध नाही, लहान मुलं दरवेळी विचारतात.) पाटबंधाऱ्याच्या हिशोबात गाळ म्हणजे नुकसान, इथे तोच भांडवल ठरला.

१९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र साधारण १०० चौरस किलोमीटर. त्याच्या आसपासच एका नामांकित पक्षीतज्ज्ञाने याला "महाराष्ट्राचं भरतपूर" म्हटल्याचं सांगतात आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तुलना तशी चुकीची नाही, राजस्थानातल्या त्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध भरतपूरचं पाणीही बांध घालूनच अडवलेलं. पण तिकडची पुढची गोष्ट इकडे कोणी सांगत नाही. भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली, गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत इतकं माजलं की पक्ष्यांनाच मोकळं पाणी कमी पडायला लागलं, हे तिथेच वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून पुढे आलं. त्यामुळे इथे कोणी "दर्जा वाढवा, नॅशनल पार्क करा" म्हणायला लागलं की मला पहिल्या त्या म्हशी आठवतात.

सगळा गुंता शब्दांचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान म्हणजे आतले सगळे हक्क संपवायचे, चराई पूर्ण बंद. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवायची मुभा कलेक्टरला आहे. आणि संवर्धन राखीव हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीतून आला, तो सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी बोलून करायचा आणि सल्ला देणाऱ्या समितीत ग्रामपंचायतीचा माणूस असतो. हा तिसरा प्रकार लोकांना कमी प्रतीचा वाटतो, मला नाही वाटत.

कारण नाशिकने खरं काम तिथेच केलंय. रामशेजजवळचं बोरगड २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव झालं, क्षेत्र जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, पण आधी उघडा पडलेला डोंगर गावकरी आणि निसर्गप्रेमींनी कितीतरी वर्षं राखला होता, कागद नंतर आला. येवल्याकडे ममदापूर, तिथलं माळरान काळविटांचं, जंगल म्हणावं असं तिथे काही नाही म्हणून बरेच जण नाक मुरडतात. काळविटाला मोकळा माळच लागतो, तिथे दाट झाडी लावलीत तर तो निघून जाईल. मग अंजनेरी, २०१७. कड्यांवर गिधाडं आणि वरच्या पठारावर पावसाळ्यात उमलणारं ते चिमुकलं कंदीलपुष्प, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे.

जानेवारी २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. लगेच पुन्हा गोंधळ, कारण रामसरचं क्षेत्र साधारण १४ चौरस किलोमीटर आणि अभयारण्य १०० चं. म्हणजे ८६ कापले असं नाही, अभयारण्याची हद्द तेवढीच आहे. रामसरमध्ये मुख्यतः पाणी आणि दलदल धरली आहे, आणि अभयारण्याच्या मोठ्या हद्दीत गावं आणि शेती येते. त्या शेतीत ऊस, उसात बिबट्या, आणि तो ऊस त्याच जुन्या पाटपाण्यावर वाढलेला. उद्या कोणी या सगळ्याला राष्ट्रीय उद्यान करायचं म्हटलं तर आधी त्या शेतांचं काय करणार ते सांगावं लागेल.

रामसरच्या नोंदीत बिबट्या आहे, चंदन आहे, गिधाडं आहेत आणि एक मासाही आहे, देवळालीच्या नावाचा, अतिसंकटग्रस्त. फोटो मात्र सगळे रोहितचेच निघतात.